उजनी शंभर टक्के, मग फ्लेमिंगो कुठायत?

दर हिवाळ्यात सोलापूरच्या प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न येतोच, आणि आले नसले की मग प्रदूषण, कारखान्यांची मळी, हवामान बदल, सगळ्यांना एका दमात शिव्या. प्रदूषण आहेच, ते कोण नाकारतंय. पण आधी उजनी धरणाची टक्केवारी तर बघा की राव!

रोहित (फ्लेमिंगो हो, आपल्याकडं रोहितच म्हणतात) डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ, किडे, बारीक जीव खातो. म्हणजे त्याला उथळ पाणी आणि खाली मऊ चिखल पाहिजे. उजनी काठोकाठ असली की पाणी पार उसाला टेकलेलं असतं, उथळ जागा राहतेच कुठं? त्या वेळी मजा पाणकावळ्यांची, बुडी मारून मासे धरायचे आणि बुडालेल्या झाडांवर पंख वाळवत बसायचं. मग पाणी हळूहळू उतरतं तसं पाहुणे बदलतात, थापट्या आणि तलवार बदकं, कडेच्या चिखलात शेकाटे, तुतवार, आणि पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येऊन इथल्या हरभऱ्यात चरतात, शेतकऱ्याला विचारा. जागा तीच असते, फक्त वीतभर पाणी इकडं-तिकडं झालं की सगळी पंगत बदलते.

आणि हे सगळं काही पूर्वापार नाहीये. भीमेवरचं धरण पुरं झालं १९८० ला. त्याआधी तिथं वाहती नदी होती, डोह, खडक, वाळू, आणि त्याला साजेसे पक्षी. आता ११७ टीएमसीचा जलाशय, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, टक्केवारी त्याच्या वरनं मोजतात, तळाचं वापरायला लागलं की मायनस. २०२३ ला धरण भरलंच नाही, पुढच्या उन्हाळ्यात मायनस पन्नासच्याही खाली गेलं, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं आणि अख्खा जिल्हा सेल्फी काढायला पळाला. चिखल भरपूर म्हणजे पक्ष्यांची चंगळ असं वाटेल, पण तसंही नाही, पाणी फारच आटलं की बेटं काठाला जोडली जातात आणि बेटावरच्या घरट्यापर्यंत कुत्री चालत पोचतात. वर गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली शेती) आहेच, पाणी चार पावलं मागं सरलं की मोटर आणि पाइप चार पावलं पुढं. शेतकऱ्याला दोष देत नाहीये, त्याचीच जमीन गेलीय पाण्याखाली.

माझं खरं दुखणं धरणाच्या खालचं आहे. पंढरपूर, मग बेगमपूर, टाकळी, तिथनं हत्तरसंग कुडलच्या संगमापर्यंतची भीमा. नदी सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी ऐन उन्हाळ्यात घरटं-बिरटं न बांधता सरळ वाळूवर अंडी घालतात. वाळूच उपसून नेली तर घालणार कुठं? आणि जी वाळू उरते तिच्यावर, त्याच एप्रिल-मेमध्ये, आपल्या शहराला प्यायला म्हणून नदीत पाणी सोडतात, रात्रीत पातळी वाढते. पाणी आपल्याला पाहिजेच, नळाला किती दिवसाआड येतं ते सोलापूरकराला सांगायला नको. पण एकदम सोडण्याऐवजी जरा टप्प्याटप्प्यानं, किंवा अंडी घालायच्या आधीच थोडं, असा विचार तरी होतो का? सुरय जगभरातच कमी होतोय, तरी त्याच्यासाठी कोण पोस्ट टाकत नाही, कारण तो गुलाबी नाही ना.

तर यंदा फोटो टाकताना त्या दिवशीची उजनीची टक्केवारी पण टाका, ती तशीही रोज सकाळी व्हॉट्सॲपला येतेच. चार-पाच वर्षं असं केलं तर कोणत्या पातळीला कोण येतं ते आपल्याच फोनमध्ये दिसेल, नुसतं 'कमी झाले हो' म्हणत बसायला नको. आणि मार्चनंतर कोणी टाकळीकडं जाणार असेल तर वाळूवर सुरय बसलेत का तेवढं बघून कळवा, लांबूनच बघा पण, जवळ गेलं की ते उठतात आणि अंडी उन्हात भाजतात.