गळ्यापर्यंत बर्फ

‘डोक्यावर बर्फ ठेव’ हा सल्ला मला आजवर इतक्या लोकांनी दिला आहे, की प्रत्येकाने सल्ल्यासोबत एकेक खडा दिला असता तरी पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.

मी काळजीखोर माणूस आहे. हौशी नव्हे, मुरलेला. फोन वाजला की काळजी, वाजला नाही की जास्त काळजी. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो आणि इतकं ओढून ते सैल तर झालं नसेल ना, असा विचार करत जिना उतरतो. रात्री तीनला हमखास जाग येते. छाती अशी धडधडत असते, जणू कुणी वाईट बातमी सांगून गेलंय आणि नेमकी ती मी विसरलोय. मग ती बातमी कोणती असावी हे हुडकण्यात उजाडतं. श्वास मोजून पाहिले. मोजताना एखादा सुटला तर, या धास्तीने धाप लागली.

अशाच एका पहाटे फोनवर एक गृहस्थ बर्फाच्या टबात बसलेले दिसले. चेहऱ्यावर समाधी लागल्याचं तेज. चिंता, भीती, मनाच्या जुन्या जखमा, सगळ्यांवर म्हणे एकच इलाज आणि तोही तीन मिनिटांचा. जखमांचं एवढं काही नाही, पण तीन मिनिटांवर मी भाळलो.

काळजीखोर माणूस पाण्यात उतरण्याआधी वाचतो. वाचता वाचता कळलं की या वाटेने भले भले गेले आहेत. खुद्द चार्ल्स डार्विन १८४९ मध्ये इंग्लंडातल्या माल्व्हर्न गावी डॉक्टर गलींच्या जलोपचारांसाठी जाऊन राहिला होता. आधी घाम फुटेपर्यंत तापवायचं, मग थंड पाण्यात भिजवलेल्या टॉवेलांनी खसाखसा पुसायचं, असा तो प्रकार. तेव्हा त्याचा बार्नॅकल या समुद्री जिवांचा अभ्यास चालू होता. तिथून त्याने पत्रात कळवलं की, डोकं पार थांबलंय, बार्नॅकलचासुद्धा विचार मनात येत नाही. हे वाचून मला त्याचा भयंकर हेवा वाटला. उत्क्रांतीबद्दल कधी वाटला नव्हता.

२०१६ साली नेदरलँड्समध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन हजारांवर लोक, त्यातल्या काहींनी महिनाभर रोजच्या अंघोळीच्या शेवटी तीस, साठ किंवा नव्वद सेकंद गार पाणी घ्यायचं. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी घटल्या. आजारी दिवस मात्र इतरांइतकेच भरले. म्हणजे माणसं पडायची तेवढी आजारी पडली, फक्त तशीच उठून कामावर गेली. हा शोध लावायला बर्फ कशाला, कुठल्याही साहेबाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

टबवाले गृहस्थ आणखी एक आकडा फेकत होते. थंड पाण्याने अंगाला सावध करणारं नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन ५३० टक्क्यांनी आणि मनाला हुरूप देणारं डोपामिन २५० टक्क्यांनी वाढतं. आकडे खरे आहेत, २००० सालच्या एका अभ्यासातले आहेत. फक्त त्या अभ्यासात तरुण मुलांना १४ अंशांच्या पाण्यात एक तास बसवलं होतं. हा ‘एक तास’ सांगताना सगळेच गाळतात. आणि मी काही तरुण मुलगा नाही.

म्हणून आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला, रक्तदाब दोनदा बघितला आणि सांगितलं, एकट्याने करायचं नाही, एकदम उडी मारायची नाही, डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. का, ते मी विचारलंच. अचानक गार पाणी लागलं की कातडी हृदयाला सांगते, पळ. तोंड पाण्यात बुडवून श्वास रोखला की तोंडाच्या नसा सांगतात, थांब. दोन्ही एकदम झालं तर एक पाय ब्रेकवर आणि एक अॅक्सिलरेटरवर, अशी हृदयाची गत होते आणि ठोका चुकू शकतो. ही माहिती त्यांनी माझ्यासारख्याला द्यायला नको होती. तो आठवडा मी साधं तोंड धुतानाही जपून होतो.

नंतर कळलं की यातला नुसता ब्रेकचा भाग फार कामाचा आहे. धडधड सुरू झाली की भांडंभर गार पाण्यात वाकून तोंड बुडवायचं आणि अर्धा मिनिट श्वास धरायचा, ठोके उतरतात. सील आणि देवमाशांना हे उपजतच येतं, आपल्यातही थोडंफार उरलं आहे. मानसोपचारवाले घाबरगुंडीच्या वेळेसाठी हे शिकवतातही. मी मोठ्या पातेल्यात करून पाहिलं. मनगटावरच्या घड्याळातला आकडा ९६ वरून ७८ वर आला. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरात आली आणि ओरडली, “आई, बाबा पातेल्यात पडलाय!” आकडा ११० झाला.

तरी तिथेच थांबायला हवं होतं. पण देवमाशाइतकं यश मिळाल्यावर माणूस पातेल्यात समाधानी राहत नाही. मला गळ्यापर्यंत जायचं होतं.

घरात पाणी साठवायचं निळं पिंप आहे. ते रिकामं करून, घासून, अंदाजे दीडशे लिटर भरलं. तरंगता थर्मामीटर सोडला. २६ अंश. मग मोठ्या ऐटीने फ्रीजमधले बर्फाचे दोन्ही ट्रे त्यात उलटे केले. टुपुक टुपुक आवाज करत खडे पडले, माशांसारखे इकडेतिकडे फिरले आणि बघता बघता दिसेनासे झाले. थर्मामीटर कसाबसा पाव अंश हलला. मग कागद घेऊन बसलो. दीडशे लिटर पाणी १४ अंशांवर आणायला एकोणीस-वीस किलो बर्फ लागतो. दोन ट्रेमध्ये होतो अर्धा किलो. पुढचे चार दिवस घरातला प्रत्येक डबा पाणी भरून फ्रीजरमध्ये गेला आणि फ्रीजरमधली मूळ रहिवासी मंडळी बेघर झाली. शेवटी बायकोने जाहीर केलं, “एक तर लादी आण, नाहीतर हे वेड सोड.” मी लादी आणली. ती पिंपात मावेना. हातोडी घेऊन ती फोडताना मला इतका घाम आला आणि इतकं मोकळं वाटलं, की इलाज हाच असावा अशी शंका येऊन गेली.

“उतरशील,” पिंपाकडे बघत बायको म्हणाली, “निघशील कसा?”

इतक्या वर्षांच्या काळजीच्या अनुभवात हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. तिने एक स्टूल पिंपात ठेवलं, एक बाहेर ठेवलं. मुलीने फोनवर स्टॉपवॉच लावलं. मी उतरलो.

घोटे, ठीक. गुडघे, ठीक. मांड्यांपाशी पाण्याची कड सुरीसारखी लागली. पोटापाशी मी जरा थांबलो, कारण पोट आपणहून आत पळालं होतं. मग डोळे मिटून आतल्या स्टुलावर बसलो आणि पाणी गळ्याशी आलं.

तोंडातून “हा” असा आवाज निघाला. निघाला म्हणजे आत गेला. श्वास आत गेला, त्याच्यावर दुसरा गेला, मग तिसरा. बाहेर एकही येईना. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं, हे मी वाचलं होतं. आता माझं प्रत्येक बोट ते स्वतंत्रपणे वाचत होतं. कानात ढोल वाजत होते. ओठांना मुंग्या आल्या. इथून पळ, याखेरीज डोक्यात एक अक्षर नव्हतं.

“बाबा, श्वास सोड ना,” मुलगी म्हणाली. “अकरा सेकंद झाले फक्त.”

आणि तेव्हा मला जाणवलं की हे पाहुणे तर ओळखीचे आहेत. हीच छाती, हीच धाप, हीच पळून जायची घाई. रोज रात्री तीनला येतात ते हेच. एरवी हे पाकीट बिनानावाचं येतं आणि पाठवलं कुणी ते शोधण्यात रात्र जाते. आज पाठवणाऱ्याचं नाव ठळक लिहिलेलं होतं. घाबरायला सज्जड, वीस किलोचं कारण होतं. खरं सांगतो, त्या धडधडीत मला पहिल्यांदा जरा हक्काचं वाटलं.

“तीस.” हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात टोकाला जातो आणि मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो, असं पुस्तकी ज्ञान माझ्याकडे होतं. त्या क्षणी माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. “चाळीस.” एक श्वास बाहेर आला, तुकड्या-तुकड्यांनी. “पन्नास.” दुसरा आला, जरा लांब. “साठ” म्हणेपर्यंत कानातले ढोल लांब गेले होते आणि नळ ठिबकतोय हे मला ऐकू येत होतं. मी काही केलं नव्हतं. नुसता बसून होतो. दाढीपाशी बर्फाचा एक तुकडा तरंगत आला, टेकला, गेला.

जुन्या जखमा वर येतील म्हणून वाट पाहिली. एकच आली, लहानपणी सायकलवरून पडून गुडघ्याला झालेली. तीही थंडीने ठणकली म्हणून.

दोन मिनिटांनी उठलो. उठलो असं आपलं म्हणायचं. हातांनी पिंपाची कड धरली खरी, पण बोटं कुणा दुसऱ्याची होती. बायकोने काखेत हात घालून मला उपसलं. टॉवेल धरता येईना, सदऱ्याची बटणं मुलीने लावली. लावता लावता म्हणाली, “हं, दुसरा हात,” जसं मी तिला एकेकाळी म्हणायचो. मी विजयी मुद्रेने बसलो आणि दहा मिनिटांनी खरी हुडहुडी भरली. बाहेर आल्यावरही शरीर आतून आणखी गार होत जातं, कारण कातडीचा आणि हातापायांचा गारठा मग आत झिरपतो. दात इतके वाजत होते की “मला फार शांत वाटतंय” हे वाक्य पुरं करायला मला चार प्रयत्न लागले.

पण वाटत होतं, हे खोटं नाही. संध्याकाळपर्यंत मी कुलूपसुद्धा एकदाच ओढलं.

मग आठवड्यातून दोनदा हा कार्यक्रम सुरू झाला. पाच-सहा वेळा उतरलं की धक्का निम्म्यावर येतो, असं वाचलं होतं आणि तसंच झालं. सहाव्या खेपेला मी गळ्यापर्यंत बसून मुलीशी तिच्या परीक्षेबद्दल बोलत होतो. लगेच काळजी लागली की, पाणी आता पुरेसं थंड नाही की काय.

परवा रात्री तीनला जाग आली. छाती धडधडत होती, श्वास अडकत होता. सवयीने बातमी हुडकायला निघालो आणि मग वाटलं, राहू दे, आधी साठ मोजू. अंधारात पडल्या पडल्या मोजत गेलो. तिशीला जोर होता. चाळिशीला श्वास तुकड्यांनी बाहेर आला. पन्नासला बायकोच्या घोरण्याचा आवाज ऐकू यायला लागला. साठाला सगळं शांत झालं.

एकसष्टाला आठवलं, पिंपावर झाकण टाकायचं राहिलंय.