आपल्या माणसांचा ग्रुप शोधताना

फेसबुकवर आपल्या आवडीचा ग्रुप शोधताय? मग शोधाच्या चौकटीत जमेल तितका मोघम शब्द टाका. घरातल्या मनी प्लांटची पानं पिवळी पडतायत म्हणून 'कुंडीतली झाडं' वगैरे बारकाव्यात शिरू नका. नुसतं 'निसर्ग' लिहा, सगळ्यात मोठा आकडा दिसेल तिथे 'जॉईन' दाबा. चार लाख लोक काय वेडे आहेत?

ग्रुपची 'माहिती' मात्र चुकूनही उघडू नका. ग्रुप कधी निघाला, आधी त्याचं नाव काय होतं, महिन्याभरात किती पोस्ट पडल्या, हे सगळं तिथे चक्क लिहिलेलं असतं. आज 'हिरवाईप्रेमी' म्हणवणारा ग्रुप मागच्या वर्षी 'झटपट कर्ज' होता हे कळून कोणाचं भलं झालंय?

प्रवेशाआधी अ‍ॅडमिन एकदोन प्रश्न विचारतो. 'तुम्हाला इथे का यायचंय?' याचं उत्तर 'हो' असं द्यावं. 'नियम वाचलेत का?' यालाही 'हो'. उत्तरात सातत्य हवं.

आत शिरल्यावर पिन केलेली पोस्ट ओलांडून पुढे जा. ग्रुपमधल्या जुन्या पोस्टी शोधायचं भिंग वर असतं, तिकडेही बघू नका; तुमच्यासारखी पिवळी पानं आजवर कोणाची झालीच नसणार. रात्री, ट्यूबलाइटखाली, हलवून एक फोटो काढा आणि त्यावर 'काय झालंय??' एवढंच लिहा. पाणी किती घालता, ऊन किती येतं, कुंडीला भोक आहे का, ही तुमची खासगी बाब आहे.

आता मजा बघा. पहिला म्हणेल पाणी जास्त होतंय, दुसरा म्हणेल कमी पडतंय, तिसरा 'दृष्ट लागली', चौथा 'इनबॉक्स बघा'. उरलेले नुसतं टिंब टाकून जातील, म्हणजे उत्तर आलं की त्यांनाही कळावं. एखादा मात्र माती तपासायला सांगेल आणि वर, फक्त घरातल्या झाडांवर बोलणाऱ्या आठशे जणांच्या ग्रुपचं नाव देईल. अशा माणसापासून जपून राहा. आठशे जणांत लाइक किती पडणार?

त्यापेक्षा फेसबुक स्वतःहून सुचवेल ते ग्रुप घ्या. तुमचे मेहुणे तिथे आहेत, एवढी शिफारस पुरे. मेहुणे तिथे चुकून शिरले असतील, हा भाग वेगळा. आणि फार निवडून तरी काय मिळवायचंय? फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथल्या कम्युनिटीही त्यांच्याबरोबरच गेल्या, जीव ओतून चालवलेल्यासुद्धा.

एवढं करूनही मन रमलं नाही, तर स्वतःचाच ग्रुप काढा. मित्रयादीतल्या झाडून सगळ्यांना निमंत्रण धाडा. 'हा ग्रुप नेमका कशाचा?' असं कोणी विचारलंच, तर लगेच पोल टाका.