गणपती आणि वाल्मीकी: चूक कुणाची ते आधी वाचा

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवलं, खाली प्रश्न, "मावशी, हे खरंय का? माझा प्रोजेक्ट याच्यावरच आहे, बदलू का?" सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) या कादंबरीबद्दल होतं. म्हणे लेखकाला आपली पुराणं माहीत नाहीत, गांधीहत्येची तारीख चुकलीय, संयुक्त महाराष्ट्राची टिंगल केलीय, आणि 'पोस्टमॉडर्न' (म्हणजे गोष्ट सरळ न सांगता सांगणाऱ्यावरच शंका घ्यायला लावणारं लेखन) हे सगळं झाकायला परदेशातून आणलेलं नाव.

आधी गणपती, कारण लोक त्याच्यावरच भडकलेत. गणपतीने वाल्मीकींच्या पायाशी बसून रामायण लिहून घेतलं असं पुस्तकात आहे. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल की ते व्यास आणि महाभारत. पण बोलतोय कोण? सलीम सिनाई, कादंबरीतला निवेदक, आणि तिथेच तो फुशारकी मारतो की मुसलमान घरातला असलो तरी मी मुंबईकर, हिंदू गोष्टी मला चांगल्या ठाऊक. एवढ्या ऐटीत बोलून तिथेच आपटतो, म्हणजे हा छातीठोकपणे सांगायला लागला की आपण सावध व्हायचं. रश्दींनी या चुकांवर 'एराटा' (म्हणजे शुद्धिपत्र) नावाचा अख्खा लेख लिहिलाय, त्यांच्या 'इमॅजिनरी होमलँड्स' या लेखसंग्रहात आहे, त्यात ही चूक त्यांनी स्वतःच दाखवलीय.

गांधीहत्येच्या तारखेचा घोळ तर सलीम पुस्तकातच कबूल करतो आणि दुरुस्त करत नाही, फॉरवर्डवाल्याने ते पान उघडलेलंच नाही. आठवण अशीच असते हो. २६ जुलैच्या पुरात बाबा कुठून चालत आले ते आईला दर वेळी वेगळं आठवतं, कधी दादर कधी सायन, पण कमरेएवढं पाणी आणि हातातल्या चपला दर वेळी त्याच.

एक मात्र नाइलाजाने मान्य. जालियनवाला बागेत डायरबरोबर पन्नास गोरे सैनिक होते असं कादंबरीत आहे. सैनिक पन्नास होते, पण गोरे नव्हते, इथल्याच फौजेतले होते. ही चूक लेखकाची, कळल्यावर त्यांनी दुरुस्तीचा प्रयत्नही केला, मग म्हणे ती सलीमचीच वाटायला लागली. मला नाही पटत. आपल्याच माणसांकडून गोळ्या झाडून घेतल्या हीच तिथली सगळ्यात बोचरी गोष्ट, ती अशी पुसली जायला नको होती.

संयुक्त महाराष्ट्राचं म्हणाल तर सलीम सायकलवरून मोर्चात घुसतो आणि मुंबई राज्य माझ्यामुळे फुटलं म्हणतो. हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला हे खुपेल, समजू शकते, पण हा प्रत्येक घटनेचं श्रेय स्वतःकडे ओढतो, तोच त्याचा आजार आहे. आणि राहिलं ते 'पोस्टमॉडर्न', परदेशी काय त्यात? सलीम लोणच्याच्या कारखान्यात बसून गोष्ट सांगतो, तिथली पद्मा शेजारी बसून ऐकते, तो भरकटला की डाफरते. गोष्ट सांगणारा आणि मध्येच टोकणारा आपल्याला नवीन आहे का?

भाचीला कळवलंय, प्रोजेक्ट बदलायचा नाही. रविवारी ये, गणपतीच्या आणि गांधींच्या पानांत खुणा घालून ठेवल्यात.