तारपा वाजवणाराच कापलात?

परत तेच! दिवाळीच्या भेटीत वारली छापलेले कोस्टर आणि कानातले. कानातल्यावर तारपा नाच, आणि मधला तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाराच कडेला कापलेला! अरे, ज्याच्याभोवती अख्खा फेर धरतात, त्यालाच उडवलंत? गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, आत लग्नाची पालघट देवी असते. तोच चौक आता पायपुसण्यावर! संताप होतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारलीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, तरी खोक्यावर चित्रकाराचं नाव औषधालाही नाही. डहाणू-जव्हारकडे आजही लोक हाताने चित्रं काढतात. द्यायचीच असेल भेट, तर त्यांच्याकडून घ्या ना!