अपिलाच्या आधीची परवानगी

मेलबर्नच्या विल्यम स्ट्रीटवरील फेडरल न्यायालयात माझ्या एका परिचिताचा अर्ज फेटाळला गेला, त्या संध्याकाळी मी इंदूरला रामबागेत काकांना फोन केला. या परिचिताने खाद्यपदार्थांच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली होती आणि विक्रीचे आकडे फुगवून सांगितल्यामुळे आपली फसवणूक झाली, असा दावा त्याने लावला होता. हे आकडे कोणी, केव्हा आणि कुठे सांगितले, हे दोनदा दुरुस्तीची संधी मिळूनही त्याच्या वादपत्रात, म्हणजे दावा मांडणाऱ्या मूळ अर्जात, नीट आले नाही, म्हणून साक्षीपुराव्यापर्यंत न जाता दावा सुरुवातीलाच निकालात निघाला. त्यावर अपील करण्यासाठी मागितलेली परवानगीही आता नाकारली गेली होती.

आयुष्यभर इंदूर खंडपीठात वकिली केलेले काका व्यथित झाले. "अरे, साक्ष झाली नाही आणि वर अपीलही नाही? आपल्याकडे असं होत नाही."

कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर झाले, तरी कलम २(२) नुसार तो हुकूमनामाच, म्हणजे दाव्याचा अंतिम निवाडाच, मानला जातो आणि त्यावर पहिले अपील हक्काने करता येते. ऑस्ट्रेलियात फेडरल न्यायालयाच्या कायद्यात 2005 साली घातलेल्या कलम ३१अ प्रमाणे, यशाची वाजवी शक्यता नसलेला दावा तिथल्या तिथे संपवता येतो, त्यासाठी तो पूर्णपणे निराधार असण्याचीही गरज नसते. आणि असा निकाल अंतरिम स्वरूपाचा, म्हणजे अंतिम निवाडा नव्हे, असा मानला जात असल्यामुळे अपिलासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज 14 दिवसांत करावा लागतो. मूळ निर्णयाच्या बरोबरपणाविषयी पुरेशी शंका आहे का, आणि तो चुकीचा धरला तर परवानगी नाकारल्याने मोठा अन्याय होईल का, हे दोन प्रश्न न्यायाधीश विचारतात.

आपल्याकडे खटले तुंबल्याची चर्चा निघाली की अपिलांवर अशीच चाळणी लावावी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि इथे ऑस्ट्रेलियात येऊन काही वर्षे झाल्यावर मीही तसे म्हणू लागलो होतो. अपील दाखल होऊन वर्षानुवर्षे पडून राहिले, तर त्यात लहान माणसाचेच दुकान आणि कर्ज दोन्ही बुडते. त्यापेक्षा कारणे लिहून दिलेला लवकरचा नकार मला आजही कमी क्रूर वाटतो, जरी हरलेल्याला समोरच्या पक्षाचा खर्चही भरावा लागत असला तरी.

मात्र काकांशी बोलताना माझ्या लक्षात आले की ही चाळणी इथे एकटी उभी नाही. ऑस्ट्रेलियात 1998 पासून फ्रँचायझींसाठी बंधनकारक आचारसंहिता आहे आणि 1 एप्रिल 2025 पासून तिची नवी आवृत्ती लागू झाली आहे. करारावर सही होण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावे लागते, आणि सहीनंतरही 14 दिवसांत फ्रँचायझी घेणाऱ्याला माघार घेता येते. माझ्या परिचिताचे माहितीपत्रक मी पाहिले आहे. त्यात कंपनीविरुद्धच्या दाव्यांची नोंद होती, आणि आधी दुकाने सोडून गेलेल्यांची नावे व फोन नंबरही होते. त्यांतल्या एकालाही त्याने फोन केला नव्हता. न्यायालय त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा करते, ती या कागदांच्या आधारावर.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आहे, आणि अनेक करारांत लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाबाहेर सोडवण्याचे, कलम असते. पण दुकान घेण्याआधी कंपनीने काय सांगितलेच पाहिजे, हे कोणत्याही एका जागी लिहिलेले नाही. ही माहिती आधी देण्याची सक्ती न करता अपिलाचा हक्क तेवढा आखडला, तर ज्याला कधी कागदच मिळाला नाही, त्याच्याकडेच आपण तारीख, वेळ आणि माणसाचे नाव मागू. म्हणून चाळणीची मागणी करणाऱ्या माझ्या मित्रांनी आधी अशा माहितीपत्रकाचा कायदा मागावा, असे मला मनापासून वाटते.

काकांकडे या महिन्यात असाच एक तरुण येऊन गेला. त्याने इंदुरात वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून फ्रँचायझी घेतली होती. सही करण्यापूर्वी कंपनीने लेखी काय दिले, असे काकांनी विचारल्यावर त्याने पिशवीतून घडी घातलेले एक रंगीत जाहिरातपत्रक काढले. त्याच्या मागच्या बाजूला कोणीतरी पेनाने महिन्याच्या नफ्याचा आकडा लिहिला होता, आणि खाली सही नव्हती.