मुक्काम पोस्ट पाचगणी, जिल्हा सातारा

आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत सकाळी सहाच्या सुमाराला नळाला पाणी येतं आणि पाण्यापाठोपाठ फ्रेडी मर्क्युरी येतो. पाण्याचा कधीमधी खाडा होतो. फ्रेडीचा नाही.

आमचे हे न्हाणीघरात शिरतात, नळाखाली बादली लावतात आणि छाती भरून "एऽऽऽ ओऽ" असा पुकारा करतात. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानात फ्रेडीनं असाच पुकारा केला होता, तेव्हा ७२ हजार माणसांनी त्याला सुरात उत्तर दिलं. आमच्याकडे शेजारच्या काकू उत्तर देतात, "बादली वाहतीय हो, नळ बंद करा!" सुरात उत्तर देणारा एकटा दूधवाला. चरवी खाली ठेवून तो इमानानं "एऽऽऽ ओऽ" म्हणतो आणि त्याचा वरचा सूर ह्यांच्यापेक्षा बरा लागतो. ह्यांना मात्र त्यात शिष्य घडवल्याचं समाधान आहे.

बँकेत होते तोवर हे सगळं रविवारपुरतं होतं. रिटायर झाल्यापासून रोज आहे.

तर फ्रेडी मर्क्युरी. 'क्वीन' नावाच्या इंग्रजी बँडचा गायक, गडी देखणा आणि कपड्यालत्त्याचा भारी षौकी. खरं नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ ला झांजीबारला पारशी घरात जन्मला आणि आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला शिकायला बोटीत बसवून इकडं पाठवलं, ते पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथं वसतिगृहात राहून बाराव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. फारोखचा फ्रेडी झाला तोही तिथंच. पाचगणी म्हणजे तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. इथपर्यंत सांगून झालं की ह्यांचा आवाज घोगरा होतो आणि मी चहा टाकायला उठते.

ह्यांच्यासारखे आणखी तिघं आहेत. एक वकील भावजी, एक एसटीतून रिटायर झालेले भावजी आणि एक राजवाड्याजवळ पेढ्याचं दुकान असलेले भावजी. संध्याकाळी चौघं आमच्या पुढच्या खोलीत बसून फ्रेडीच्या आठवणी काढतात. तो १९६३ साली पाचगणी सोडून गेला. वकील भावजी तेव्हा दोन वर्षांचे होते, एसटीवाले भावजी पाळण्यात होते, आमचे हे त्याच साली जन्मले आणि पेढेवाले भावजींचा अजून पत्ता नव्हता. जिल्ह्यानं एक सोडला आणि त्याबदली एक घेतला. अदलाबदलीत जिल्हा बुडाला, हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही.

चौघांपैकी कुणी त्याला पाहिलेलं नाही, पण आठवणी संपत नाहीत.

"मुंबईला उतरला, तिथनं पुणं, पुण्यातनं वाई आणि मग पसरणीचा घाट," एसटीवाले भावजी सुरू करतात. "माझं अख्खं आयुष्य त्या घाटात गेलंय. दुसरा रस्ता मला दाखवा."

"वाईवरनं गेला म्हणजे ढोल्या गणपतीला हात जोडले असणारच," हे.

"पारशी होता तो," वकील भावजी.

"म्हणून काय झालं? पुढं घाट दिसला की कुणीही हात जोडतं."

"आणि वाईपर्यंत आलेलं पोरगं साताऱ्याला न येता राहील होय?" पेढेवाले भावजी म्हणतात. "आला असणारच. आणि आला म्हणजे आमच्या आजोबांच्या हातचा कंदी पेढा खाल्ला असणारच."

"तोंडी पुरावा म्हणून नोंद घ्या," वकील भावजी सांगतात. नोंद घ्यायला कुणीच नसतं. मग बशीतला पेढा स्वतःच्या तोंडात टाकून ते कामकाज पुढं नेतात.

आता ह्या माणसावर हक्क सांगणारे जगात काय थोडे आहेत? जन्म झांजीबारचा, आडनाव गुजरातच्या बलसाडवरून आलेलं, कीर्ती लंडनची. पण आमच्या पुढच्या खोलीत हा दावा कधीच निकाली निघालाय, आणि आता नुसता जिल्हा पुरत नाही, खातंही जुळावं लागतं. फ्रेडीचे वडील झांजीबारला हायकोर्टात कॅशियर होते. एवढ्या एका माहितीवर आमच्याकडे आठवडाभर तंटा चालला, कारण वकील भावजी म्हणाले कोर्ट आमचं आणि हे म्हणाले कॅशियर आमचा. लंडनला गेल्यावर फ्रेडीनं केन्सिंग्टन मार्केटात जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला होता, तेव्हा तो व्यापारी असल्याचं पेढेवाले भावजींनी जाहीर केलं. राहता राहिले एसटीवाले. बिचारे दोन दिवस गप्प होते. मग फ्रेडीनं हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केल्याचं त्यांच्या वाचनात आलं आणि ते धावत आमच्या घरी आले. चप्पलसुद्धा काढली नाही. "वहिनी, आपल्याच खात्यातला निघाला की!"

मला त्या माणसाबद्दल राग नाही, हे आधी सांगते. गाणं चांगलंच म्हणायचा. पण त्याच्या ज्या स्टाइलवर हे चौघं जीव टाकतात, तिचं नवल साताऱ्याच्या बाईला किती वाटावं? त्या वेम्ब्लीच्या दिवशी त्याच्या अंगात पांढरा बिनबाह्यांचा बनियन होता, खाली फिकी जीन आणि दंडाला खिळ्यांचा पट्टा. पट्टा सोडला तर ह्याच वेशात गॅलरीत उभं राहून दात घासणारे पुरुष मी लग्न झाल्यापासून बघते आहे. त्यातल्या एकाचंही पोस्टर कुणी भिंतीला लावलं नाही. मिशीची तीच गत. १९८० च्या सुमाराला त्यानं मिशी ठेवली तेव्हा तिकडच्या चाहत्यांनी नाराज होऊन स्टेजवर रेझर फेकले म्हणे. साताऱ्यात मिशी काढली तर लोक घरी येऊन विचारतात, कोण गेलं?

१९८६ च्या दौऱ्यात तो पिवळंजर्द जाकीट घालायचा. ह्यांनी तसंच शिवून घेतलं. मापं घेताना शिंप्यानं विचारलं, "एकच शिवायचं, का अख्ख्या बँडपथकाचं?" ते जाकीट घालून हे कराडला माझ्या भाच्याच्या लग्नाला आले. मांडवात एका म्हातारीनं ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर पुढं करून म्हणाली, "पालीस्नं आलासा जणू? खंडोबाचा भंडारा द्या की चिमूटभर." जाकीट तेव्हापासून ट्रंकेत आहे.

फ्रेडीच्या जबड्यात मागच्या बाजूला चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. पण दात काढले तर आवाजाचा पल्ला बदलेल, ह्या भीतीनं त्यानं ते कधी काढून घेतले नाहीत. ही गोष्ट ह्यांना कळली आणि माझं नशीब फिरलं. ह्यांची अक्कलदाढ वर्षभर ठणकते आहे. डॉक्टर म्हणतात काढा. हे गालाला हात लावून म्हणतात, "आवाजाचं काय?" रात्री दोन वाजता लवंगेचं तेल शोधायला मात्र मी उठते.

मांजरीचंही तसंच. फ्रेडीला मांजरांचं वेड होतं. दौऱ्यावरून घरी फोन करून तो मांजरांशी बोलायचा आणि डिलायला नावाच्या लाडक्या मांजरीवर त्यानं गाणंही केलं. म्हणून आमच्याकडे डिलायला आली. सासूबाईंनी तिला अखेरपर्यंत दुलारी म्हटलं आणि ती ओ द्यायची ती दुलारीलाच. हे एकदा बँकेच्या कामानं सोलापूरला गेले असताना रात्री फोन आला. मी म्हटलं, जेवलात का? तर म्हणाले, "ते राहू दे, डिलायलाला दे." मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. दहा मिनिटं ट्रंककॉलचे पैसे मोजून हे बोलले आणि ती पाय चाटत बसली.

ह्या वेडाचं मूळ घरातच आहे. हे कॉलेजात असताना मुंबईच्या मावसभावानं कॅसेट पाठवली. तिच्यात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ सालचं गाणं होतं. सासरे हायस्कुलात विज्ञानाचे मास्तर, घरात सिनेमाचं गाणं लावायची सोय नव्हती. ह्यांनी भीतभीत टेप लावला. थोड्या वेळानं आतून 'गॅलिलिओ, गॅलिलिओ' असा गजर ऐकू आला. सासरे वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "शास्त्रज्ञांची नावं घेतोय. ऐकू दे पोराला." त्याच गाण्यात पुढं 'बिस्मिल्ला' येतं. ते ऐकून शेजारचे घड्याळं दुरुस्त करणारे चाचा खिडकीशी आले. "बेटा, वो फिरसे लगाव." त्या दिवसापासून दोन घरांच्या संमतीनं ते गाणं आळीत राजरोस वाजू लागलं. चाचांची तक्रार एवढीच, की भला माणूस अल्लाचं नाव घेतो आणि मग असा अंगावर काय येतो?

गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे. एवढं लांबडं गाणं कुणी वाजवणार नाही असं तेव्हा कंपनीवाले म्हणत होते, आणि विलायतेत ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मला त्याचा उपयोग निराळा. पियानो सुरू झाला की कुकर लावायचा, गॅलिलिओला पहिली शिट्टी होते, गिटार धावायला लागली की दुसरी, आणि शेवटी तो हळू आवाजात आला की गॅस बंद करायचा. भात मोकळा होतो.

वेम्ब्लीचा कार्यक्रम ह्या लोकांनी मागाहून पाहिला, व्हीसीआर भाड्यानं आणून. वीसेक मिनिटांचं गाणंबजावणं, पण त्याची चर्चा अजून चालू आहे. लग्नानंतर मलाही बसवून दाखवलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, मी पियानोकडे. इतकं महागाचं वाद्य आणि त्यावर पेप्सीचे पेलेच पेले मांडलेले, एकाच्याही खाली काही नाही! मी तसं बोलून दाखवल्यावर खोलीत जी शांतता पसरली, तेवढी त्या कार्यक्रमात क्षणभरही नव्हती.

आमचं लग्न १९९१ सालचं. त्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी हे पोवई नाक्यावरून पेपर घेऊन आले आणि न बोलता पानावर बसले. भात चिवडला आणि उठले. मी नवी नवरी, मला वाटलं आमटी खारट झाली. सासूबाईंना वाटलं बँकेत कॅश कमी भरली. फ्रेडीनं २३ तारखेला आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं होतं आणि २४ ला तो गेला, वय ४५. त्या काळात आमच्या घरात त्या आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायची पद्धत नव्हती. ह्यांनी मला ते कारण सांगितलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. तोवर मी आमटीत मीठ कमीच घालत होते.

दर ५ सप्टेंबरला पाचगणीची वारी असते. जन्मतारीख ऐन पावसाळ्यातली, ह्याला इलाज नाही. गाडी एसटीवाले भावजी चालवतात, आणि पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणावर त्या वळणाचा इतिहास सांगतात. चटणी-भाकरी, दही, थर्मास आणि चार जणांच्या कोरड्या मोज्यांची पिशवी माझ्याकडे. शाळेत पोरांचा अभ्यास चाललेला असतो, म्हणून हे आत जात नाहीत, लांबूनच दर्शन घेतात. लांबून म्हणजे धुक्यातून. चौघं रस्त्याच्या कडेला छत्र्या धरून समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे भक्तिभावानं बघत उभे राहतात. मागच्या खेपेला बराच वेळ असं उभं राहिल्यावर धुकं जरासं विरलं आणि समोर एक पत्र्याची शेड निघाली. शाळा पाठीमागं होती.

मग टेबललँडवर जायचं. तिथं ह्यांनी दोन्ही हात पसरून "एऽऽऽ ओऽ" केलं. धुक्यातून उत्तर आलं, "घोडा पायजे का साहेब?"

ही सगळी भक्ती मी सोसली. पण परवा दिवाळीच्या साफसफाईच्या तोंडावर चौघं जुने व्हिडिओ बघत बसले होते आणि एक १९८४ सालचा लागला. त्यात फ्रेडीनं बायकी टोप घातलाय, गुलाबी ब्लाउज, आखूड स्कर्ट, मिशी तशीच, आणि गडी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन सगळं घर झाडतोय! मी दारातच थबकले. बनियन घेतला, मिशी घेतली, जाकीट, दात, मांजर, सगळं ह्या माणसाकडून घेतलं, आणि हे एवढं बरं राहिलं? मी माळ्यावरून लेकीनं दिलेला व्हॅक्यूम क्लीनर काढला आणि ह्यांच्यापुढं ठेवला.

"हे काय?"

"श्रद्धांजली वाहा."

हे वकील भावजींकडे बघू लागले. भावजींनी चष्मा पुसला. "चाहता म्हणून नाकारायला काही आधार दिसत नाही," म्हणाले. "स्कर्टची सक्ती मात्र करता येणार नाही."

पहिल्या कडव्याला हे लाजत होते. दुसऱ्याला सोफ्याखाली गेले. मग अंगात आलं आणि नळीचा पुढचा दांडा उपसून, फ्रेडी तो अर्धा माइकस्टँड धरायचा तसा धरून, पुढची खोली, मधली खोली आणि देवघराबाहेरचा कोपरा सगळं काढलं. एसटीवाले भावजी मागून "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या" करत होते. पेढेवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. डिलायलाची पणती घाबरून कपाटावर चढली, तर तिच्यामागं जाऊन कपाटावरचीही धूळ निघाली.

रात्री वकील भावजींच्या बायकोचा फोन आला. पुढच्या रविवारचा कार्यक्रम आमच्याकडे ठेवा म्हणाल्या, चहा-फराळ सगळा त्या करतील. गाणं तेच ठेवायचं, फक्त दोनदा वाजवावं लागेल, कारण त्यांचे सहा पंखे पुसायचे राहिलेत.