दुसऱ्याच्या गळ्यात काम घालायचं इंग्रजी

दुसऱ्याच्या गळ्यात काम घालायचंय? आधी इंग्रजी सुधारा. 'काम' म्हणून भागत नाही, समोरचा लगेच विचारतो, 'केवढं?' इंग्रजीत मात्र एकाच ओझ्याला डझनभर नावं आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी. त्या छटा नीट शिकून घ्या, म्हणजे हवा तिथे नेमका चुकीचा शब्द वापरता येईल.

सुरुवात जॉबपासून. सुटं, ठरावीक, पैसे घेऊन करायचं काम ही या शब्दाची जुनी ओळख. म्हणजे तो उच्चारला की मोबदल्याचा विषय निघणारच. तेव्हा काम देताना टाळा आणि काम झाल्यावर वापरा. 'गुड जॉब!' म्हणायला पैसे पडत नाहीत.

चोअर म्हणजे भांडी, केर, कपडे; रोजचं आणि कंटाळवाणं. मीटिंगची टिपणं काढणं हे चोअरच, पण टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीच्या माथी मारताना त्याला 'ऑपर्च्युनिटी' म्हणावं.

एरंड म्हणजे जाऊन-येऊन उरकायचं किरकोळ काम. (मराठीतला एरंडही धावायलाच लावतो.)

स्टिंट वापरूच नका. त्यात वाटा मोजून दिलेला असतो.

असाइनमेंटही जपून. कुणी दिलं आणि कुठवर करायचं, दोन्ही त्यात ठरलेलं असतं. उद्या गडबड झाली तर बोट तुमच्याकडे वळेल. अपवाद नोकरीच्या मुलाखतीचा. तिथे उमेदवाराकडून कंपनीचं खरं काम फुकटात करून घ्यावं, त्याला असाइनमेंट म्हणावं आणि मग 'कळवतो' म्हणावं.

कुणीच तयार होत नसेल तर ड्यूटी काढा. तिला नाही म्हणणारा नुसता कामचुकार ठरत नाही, थेट कर्तव्यच्युत होतो.

आता हुकमाचा एक्का: टास्क. टास्क आणि टॅक्स ही एकाच लॅटिन मुळाची भावंडं. वरच्याने लादायचं आणि खालच्याने निमूट भरायचं, हे त्यांच्या रक्तातच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या कामांच्या उतरंडीत एपिक म्हणजे मोठं काम, त्याच्या पोटात स्टोरी आणि स्टोरीच्या पोटात टास्क, म्हणजे अगदी तळाचा, एका माणसाने उरकायचा तुकडा. त्याच्याआधी 'क्विक' लावा, शुक्रवारी संध्याकाळी पाठवा, शेवटी हसरा चेहरा टाका आणि फोन सायलेंटवर ठेवा.

परवा आमच्या साहेबांकडून मला असाच एक क्विक टास्क आला. 'जस्ट क्लीन अप द शीट.' शीट उघडली. तारखा कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी, कुठे चक्क मजकूर म्हणून टाइप केलेल्या. सॉर्ट केल्या की एप्रिल जानेवारीच्या डोक्यावर. जागोजागी मर्ज केलेले सेल. एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी तीनदा. बेरजेच्या रकान्यात सूत्रच नाही, कुणीतरी हाताने आकडे भरलेत, आणि तेही जुळत नाहीत! का जुळत नाहीत हे ज्याला विचारावं तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. हा टास्क? सुरुवात, शेवट, माणसं, वेळ, खर्च ठरवून करायचा तो प्रोजेक्ट, हे हेच महाशय ट्रेनिंगमध्ये स्लाइड लावून आम्हाला शिकवतात! आणि सोमवारी वरिष्ठांपुढे तीच शीट पडद्यावर झळकली तेव्हा तिचं नाव काय होतं? 'डेटा क्वालिटी इनिशिएटिव्ह'. इनिशिएटिव्ह म्हणजे आपणहून उचललेलं पाऊल. ते उचललं म्हणे त्यांनी. माझं नाव शेवटच्या स्लाइडवर, 'सपोर्ट'च्या खाली, बारीक अक्षरात.

म्हणजे छटा कळत नाहीत असं अजिबात नाही. सोपवताना टास्क, मिरवताना इनिशिएटिव्ह, आणि फसलं की लगेच 'युवर ओनरशिप'. एवढी बारीक जाण तर कोशकारांनाही नसेल.

पुरे झालं, साहेब. ही शुद्ध लबाडी आहे आणि ती सगळ्यांना दिसते. पगार अडकलाय म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही, एवढंच. काम द्यायला कुणाची ना नाही. पण देण्याआधी फाइल स्वतः उघडून बघा. काम केवढं आहे, कधी हवंय, त्यासाठी हातातलं कुठलं काम बाजूला ठेवायचं आणि शेवटी त्यावर नाव कुणाचं लागणार, हे सरळ सांगा. तेवढं सांगायला जमत नसेल तर स्वतः बसा आणि करा.